कुत्र्याचा पत्ता

कोंडवाडा हा शब्द आता आपण बहुतेक गर्दीच्या लोकलपुरताच वापरतो. पण कोंडवाड्यामागे एक कायदा आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. १८७१ चा कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर पकडलं की २४ तासांत कोंडवाड्यात पोचवायचं. मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरला की ते सुटलं. सात दिवसांत कुणी आलं नाही, तर पोलीस ठाण्यात नोटीस लावायची आणि जवळच्या गावात, बाजारात दवंडी पिटायची. आणखी सात दिवस वाट बघून मग लिलाव.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला यातलं डिझाइन आधी दिसतं. आत येण्याची वाट आहे, बाहेर जाण्याची आहे, मधल्या मुक्कामाला मुदत आहे. हे जमायचं कारण जनावराला किंमत होती. पोसण्याचा खर्च लिलावातून वजा व्हायचा. या कायद्याच्या ‘गुरां’मध्ये हत्ती, उंट, गाढव आणि डुक्करसुद्धा आहे. कुत्रा नाही.

कुत्र्यासाठी मुंबईत त्याच्या कितीतरी आधीपासून वेगळीच सोय होती. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची, दर कुत्र्यामागे आठ आणे. नगावर पैसे ठेवले की नग वाढवले जातात, तसंच झालं. पाळलेल्या कुत्र्यांवरही हात पडू लागला. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृतदेहासमोर कुत्रा आणण्याचा ‘सगदीद’ हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग. ६ जून १८३२ ला फोर्टात पारशी जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, त्यात हिंदू आणि जैन व्यापारीही सामील. लष्कराची रसद अडली आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं.

१८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेठियांच्या पैशांतून भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी राहिली. ज्याला ना मालक ना किंमत, अशा जनावराला इथे मरेपर्यंत आसरा होता. पण तो देणगीवर चालणारा आसरा. सगळ्या शहराची कुत्री त्यात मावणं शक्यच नव्हतं.

म्हणून पालिका मारत राहिली, शेवटच्या काळात विजेचा शॉक देऊन. मुंबईत हे १९९४ मध्ये थांबलं. दया हे एक कारण होतंच, पण दुसरं कारण हिशेबाचं होतं. इतकी वर्षं मारूनही कुत्री कमी होत नव्हती. एका गल्लीतली उचलली की कचरा तिथेच असल्यामुळे शेजारच्या गल्लीतली यायची.

मग २००१ चे नियम आले. नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. मला या सगळ्या इतिहासात हे शेवटचं कलम सर्वात मोठं वाटतं. गुरांची नोंद मालकाच्या नावानं व्हायची. कुत्र्याची नोंद पहिल्यांदाच जागेच्या नावानं होऊ लागली. अमुक नाका, तमुक गल्ली. आपण त्याला भटका म्हणतो, पण कायद्यानं त्याला पत्ता दिला.

अंमलबजावणी बऱ्याच शहरांत रडतखडत झाली. लोकांना कुत्री चावतात, लहान मुलं जखमी होतात, ही भीती खोटी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली सगळी कुत्री शेल्टरमध्ये हलवायला सांगितलं आणि अकरा दिवसांत तो आदेश सौम्य केला. ७ नोव्हेंबरला नवा आदेश आला, या वेळी देशभरासाठी: शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री उचलायची आणि परत तिथे सोडायची नाहीत.

आता साधा गुणाकार. समजा, एका केंद्रात १०० पिंजरे आहेत. ऑपरेशन, विश्रांती धरून कुत्रा आठवडाभर राहिला, तर वर्षात ५,२०० कुत्री होऊन बाहेर पडतात. परत सोडायचं नसेल, तर तेच १०० पिंजरे १०० कुत्र्यांनी भरतात आणि कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. एकशे एकावं कुत्रं आणलं की गाडीवाल्यानं ते कुठे उतरवायचं, हे पालिकेला ठरवावं लागेल. त्याच्यासाठी दवंडी नाही, लिलाव नाही, आणि स्टेशनवरचा पत्ताही आता खोडलेला आहे.