यंत्र टिकावं असं नक्की कोणाला वाटतं?

"पूर्वीच्या वस्तू दणकट होत्या, आता काहीच टिकत नाही" हे आपण घरोघरी ऐकतो. पण हा प्रश्न कारागिरीपेक्षा हिशेबाचा जास्त आहे. वस्तू बिघडली की खिशाला चाट कोणाच्या बसते? ती किती टिकणार हे बरंचसं त्यावर ठरतं.

डिसेंबर १९२४. ओसराम, फिलिप्स अशा बड्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात 'फीबस' नावाचा गट केला. तेव्हा १५०० ते २००० तास चालणारे बल्ब बनत होते. गटाने ठरवलं, बल्ब १००० तासच चालायचा. नमुने तपासले जायचे आणि बल्ब जास्त टिकला तर कंपनीला चक्क दंड व्हायचा! कमी आयुष्याचा बल्ब उजेड जास्त देतो, असं कंपन्या सांगायच्या. त्यात तथ्यही होतं. पण बल्ब लवकर गेला की नवा खपतो, हेही तितकंच खरं.

आता १९६२ मध्ये या. ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीने छोट्या जेट विमानांच्या 'वायपर' इंजिनांसाठी वेगळाच सौदा काढला. विमान जितके तास उडेल तितके पैसे द्या, दुरुस्ती आणि सुटे भाग आमच्याकडे. पुढे ही कंपनी रोल्स-रॉईसने घेतली आणि ही पद्धत 'पॉवर बाय द अवर' म्हणून गाजली. इंजिन बंद पडलं तर भुर्दंड कंपनीलाच. म्हणजे गणितच उलटं झालं! नंतर सेन्सर आले. इंजिनाचं तापमान, त्याची थरथर दुरूनच कळू लागली. चांगला भाग उगाच बदलायचा नाही आणि खराब भाग मोडेपर्यंत थांबायचं नाही. माल वाचवणं हाच धंदा झाला.

पण तेच सॉफ्टवेअर कुलूपही बनतं. अमेरिकेत ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या मालकीचा, पण बिघाड शोधायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात, अशी वेळ आली. शेवटी २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने कायदाच केला: शेतीयंत्रांच्या दुरुस्तीची साधनं आणि माहिती शेतकऱ्याला द्यावीच लागेल.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय, असं वाटेल. पण रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांकडे बघा. २०१५ पासून केंद्राच्या योजनेत ईईएसएल ही सरकारी कंपनी आधी स्वतः पैसे घालून दिवे बसवते, देखभाल करते, आणि पालिका वीजबिलाच्या बचतीतून हप्ते फेडते. कल्पना इंजिनाच्या सौद्यासारखीच.

तेव्हा असा कुठलाही करार आपल्या पालिकेत आला की तीन प्रश्न विचारा. दिवा बंद राहिला तर पैसे कापले जाणार का? दिव्यांची माहिती कोणाकडे राहणार? करार संपल्यावर आपला स्थानिक इलेक्ट्रिशियन तो दिवा उघडू शकेल का?

तंत्रज्ञान दोन्हीकडे वाकतं. कुठे वाकवायचं ते करारात लिहिलेलं असतं, आणि तो करार आपण वाचतच नाही.