तळटीप : टीव्हीवर दिसलेली ट्रेब्लिंका

* नागपूरच्या घरात टीव्हीवर ‘ट्रेब्लिंका पाहिली’ असे लेखक म्हणतात. त्यांनी वर्णन केलेले दृश्य, बुलडोझरने खड्ड्यात लोटली जाणारी प्रेते, बर्गेन-बेल्सनचे आहे. ती छावणी ब्रिटिश फौजांनी १५ एप्रिल १९४५ रोजी मुक्त केली आणि लष्कराच्या कॅमेरामननी तिथले चित्रण केले. युद्धावरच्या कितीतरी माहितीपटांत तेच तुकडे पुन्हा पुन्हा वापरले गेले, त्यामुळे ही गल्लत सहज होते. ट्रेब्लिंकाचे असे चित्रण नाहीच. किमान सात लाख ज्यूंना तिथे मारल्यावर नाझींनी १९४३ मध्ये छावणी पाडली, जमीन नांगरली आणि वर शेतघर बांधले. पुरावा राहू नये हाच हेतू होता. म्हणूनच क्लोद लान्झमान यांचा ‘शोआ’ (१९८५) मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. नऊ तासांहून लांब असलेल्या या चित्रपटात जुन्या चित्रणाची एकही चौकट नाही. आहेत ती माणसे : ट्रेब्लिंकाला गाड्या नेणारा पोलिश इंजिनचालक म्हातारपणी पुन्हा इंजिनातून वाकून मागे पाहतो आणि गळ्यावरून बोट फिरवतो.

पुढे लेखक कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या ‘पोलिश छावणी’चा उल्लेख करतात. ती मृत्युछावणी नव्हती, आश्रयस्थान होते. सोव्हिएत सत्तेने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले.
— संपादक