एक चांभारचौकशी

मराठी माणसाला प्रश्न विचारायला फार आवडतं, पण दुसऱ्यानं विचारले की तो कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "नसत्या चांभारचौकशा हव्यात कशाला?" बँकेच्या काउंटरवर बसून हा शब्द मी पासबुकांइतकाच हाताळलेला आहे. "सही का बदलली?", "मधलं नाव कुठं गेलं?" असं विचारलं, की गिऱ्हाईक तो हमखास बाहेर काढतं. तेव्हा या शब्दाशी माझा धंदेवाईक संबंध आहे म्हणा ना! मात्र चांभार खरोखर कसली चौकशी करतो, ते पाहण्याचा योग अलीकडेच आला.

आमच्या शाखेतल्या कॅशियरसाहेबांना जुन्या बाजारात हिंडण्याचा नाद आहे. आठवडाभर करकरीत नोटा मोजणारा माणूस रविवारी गंजलेल्या वस्तूंवर त्या का उधळतो, हे कोडं शहाण्यांनी सोडवावं. एका सोमवारी त्यांनी डब्याच्या सुट्टीत पिशवीतून एक हत्यार काढलं. वीतभर लांब, लाकडी मूठ, पुढे लोखंडी दांडा आणि टोकाला फिरतं चाक. चाकाच्या कडेला बारीक दाते.

"इश्श, हे तर करंजीचं कातणं!" क्लिअरिंगच्या बाई म्हणाल्या. कर्जविभागाला ते शिंप्याचं आखणीचं चाक वाटलं. वसुली अधिकाऱ्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला, "पूर्वीच्या सावकारांकडे काय काय सोयी होत्या!"

पण कातण्याला कापता आलं पाहिजे; हे चाक तर जाड आणि बोथट. शिंप्याच्या चाकाचे दाते टोकदार असतात, याचे चपटे होते. शिवाय दांड्यावर एक आकडा ठोकलेला, आणि चाकाजवळचं लोखंड वारंवार विस्तवावर धरल्यासारखं काळंनिळं. करंजी कातायला कातणं तापवणारी सुगरण अजून जन्माला यायची आहे.

शेवटी आम्ही शाखेसमोरच्या झाडाखाली बसणाऱ्या चांभारमामांकडे गेलो. मामांनी आधी चष्मा पुसला. मूठ हातात धरून ती कुठं झिजलीय ते पाहिलं. चाक अंगठ्याच्या नखावरून फिरवलं. दात्यांत अडकलेला मळ काडीनं काढून त्याचा वास घेतला. मग एकच प्रश्न विचारला, "साहेब, पाय पुढं करता?" आणि माझ्या बुटाच्या तळव्याची जी कड बाहेर डोकावते, तिच्या शिवणीवरून ते चाक अलगद फिरवलं. दाते टाक्यांच्या मधोमध बरोबर बसत गेले.

"हे बूटवाल्यांचं," मामा म्हणाले. "आमच्या चपलेला याचं काम नाही. तापवायचं आणि शिवणीवरनं दाबून फिरवायचं. टाका कसा उठून दिसतो! आकडा म्हंजे इंचाला किती दाते, त्याचा."

"मामा, तुम्हाला कसं ठाऊक?"

"तरुणपणी बुटाच्या कारखान्यात होतो की."

कुठं झिजलं, कशानं मळलं, कशावर बसतं! वस्तू ओळखायची असेल तर विचारायचे प्रश्न एवढेच. आमचे इन्स्पेक्शनवाले याहून शंभर प्रश्न जास्त विचारतात आणि शेवटी चहा पिऊन जातात.

इंग्रज चर्मकार या हत्याराला 'फज व्हील' म्हणतात. गंमत अशी, की जिथं शिवण नाहीच, नुसतं चिकटवलेलं आहे, तिथंही हे चाक फिरवून टाक्यांचा आभास निर्माण करता येतो. 'फज' या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ सारवासारव. ताळेबंदाशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना अधिक सांगणे न लगे.

एकदा चौकशीची चटक लागली की माणूस थांबत नाही. मामांच्या पेटीतली आरी घ्या. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात वाटांचा राखणदार जो पूषा, त्याच्या हातात 'आरा' आहे. कवी त्याला विनवतो, की हातून काही न सुटणाऱ्या त्या कंजूष पणींची काळजं आरेनं टोच, म्हणजे ते द्यायला तयार होतील. (कर्जाचे अर्जदार माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतात, तिचा अर्थ मला तेव्हा कळला.) तीच 'आरा' मराठीत आरी झाली, आणि तिचीच लांबची बहीण इंग्रजीत 'ऑल' म्हणून नांदते. तीन हजार वर्षांत राज्यं गेली, भाषा बदलल्या. आरीनं मात्र आपलं नावही फारसं बदललं नाही आणि कामही.

हत्यार तर शब्दाहूनही जुनं. आर्मेनियातल्या एका गुहेत २००८ साली साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा गाईच्या कातड्याचा बूट सापडला. त्याला भोकं पाडून चामड्याची वादी ओवली आहे. म्हणजे टोचणारं काहीतरी तेव्हाही होतंच. सापडला फक्त उजव्या पायाचा. डावा बहुधा मेहुणीनं लपवला असावा. इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे चर्मकार भिंतीवर काम करताहेत; त्यांच्या हाती अर्धचंद्राकृती सुरी आहे. वजिरानं स्वतःबरोबर त्यांनाही अमर केलं.

हे हत्यार कधी घातही करतं. फ्रान्समध्ये १८१२ साली खोगीर करणाऱ्याचा तीन वर्षांचा मुलगा बापाच्या आरीशी खेळताना डोळा गमावून बसला, पुढे दुसराही गेला. त्याच लुई ब्रेलनं मोठेपणी कागदावर टोचून उठवलेल्या ठिपक्यांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली.

फ्रान्समध्येच दिदरोनं १७५१ ते १७७२ या काळात विश्वकोश काढला, त्यात मोच्याच्या हत्यारांची चित्रं छापली. हा विद्वान सुऱ्या-कात्र्या करणाऱ्याचा मुलगा. कारागिरांच्या दुकानात जाऊन हत्यारांची नावं विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्याला कोणी चांभारचौकशा म्हणालं असतं, तर त्यानं तो शब्दही विश्वकोशात मानानं घातला असता.

आपण काय केलं? गावगाड्यात शेतकऱ्याची मोट सांधणारा आणि गावाच्या वहाणा शिवणारा बलुतेदार आपण वेशीजवळ ठेवला, आणि त्याचं नाव फालतू चौकशीला दिलं. त्याची हत्यारं कशी ओळखू येणार? आरी, रापी, ऐरण, फर्मा ही चार नावं घडाघडा सांगणारे आमच्या शाखेत किती निघतील? 'रापी' हे लोणच्याचं नाव आहे का, असं एका शिकाऊ अधिकाऱ्यानं मला विचारलं.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी चपलेचा अंगठा तुटेल, झाडाला धरून एका पायावर उभे राहाल, तेव्हा नुसतं "किती झाले?" विचारू नका. "हातातल्या या हत्याराला काय म्हणतात?" हेही विचारा. तेवढा वेळ असतोच. नाहीतरी एका पायावर तुम्ही जाणार कुठं?