ज्वालाशिंपला

ज्वालाशिंपला : मृदुकाय प्राण्यांच्या शिंपाधारी वर्गातील, लिमिडी कुलाचा एक सागरी प्राणी. शास्त्रीय नाव टेनॉइडीस स्केबर. इग्नाट्स फॉन बोर्न ह्यांनी १७७८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. कॅरिबियन समुद्रात व त्यालगतच्या पश्चिम अटलांटिकच्या उष्ण पाण्यात, प्रवाळखडकांच्या कपारींत तो राहतो. शोभेच्या जलचरांच्या बाजारात त्याची विक्री ‘फ्लेम स्कॅलप’ ह्या नावाने होते आणि प्रस्तुत नोंदीचे शीर्षक त्यावरूनच घेतले आहे. मात्र खऱ्या स्कॅलपांचे कुल, पेक्टिनिडी, ह्याहून निराळे आहे. अर्धवट उघडलेल्या शिंपांतून दिसणारा लालभडक प्रावार आणि त्याच्या कडेने अखंड हालणारे लांब, चिकट संस्पर्शक ह्यांमुळे प्राणी पेटल्यासारखा भासतो, आणि त्या एका दर्शनाला भुलून, त्याच्या उपजीविकेची यत्किंचितही चौकशी न करता, लोक त्याला खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात आणून सोडतात.

पाणी गाळणे हीच ह्या प्राण्याची गुजराण होय. क्लोमांवरील असंख्य पक्ष्माभिकांच्या एकलयीत चाललेल्या हालचालीने पाणी आत ओढले जाते, त्यातील तरंगते कण क्लोमांच्या जाळीवर अडकतात, श्लेष्मात लपेटले जाऊन मुखाकडे वाहून नेले जातात, आणि मुखालगतच्या पाळ्यांपाशी त्यांची पुन्हा एकवार झडती होऊन खाण्याजोगे तेवढे आत घेतले जाते व उरलेले, पोटात न जाता, परस्पर बाहेर टाकले जाते. कोकणच्या खाड्यांतील तिसऱ्या आणि खडकांवरची कालवे ह्यांचाही निर्वाह ह्याच रीतीने चालतो. मात्र पाण्यात पडलेले काहीही ह्या प्राण्यांना चालते, असा समज करून घेऊ नये. त्यांना हवे असते ते मुख्यत्वे काही मायक्रॉन आकाराचे वनस्पतिप्लवक, आणि तेही दिवसातून एकदा पोटभर नव्हे, तर थोडेथोडे व सतत.

पालकाच्या आवडीचा आणि प्राण्याच्या हिताचा विरोध येथेच उत्पन्न होतो. निवळशंख पाणी हा मत्स्यालय बाळगणाऱ्यांचा अभिमानाचा विषय. प्रोटीन स्किमर, गाळणीची पिशवी, जंबुपार किरणांचा दिवा ही सारी सामग्री पाण्यातील तरंगते द्रव्य नाहीसे करण्यासाठीच तैनात केलेली असते. ज्या पाण्याची पाहुणे प्रशंसा करतात त्या पाण्यात ज्वालाशिंपल्याला दुष्काळ असतो. हा दुष्काळ लवकर नजरेस येत नाही, हे त्यातले अधिक दुःखद. शिंपाधारी प्राणी शरीरात ग्लायकोजनाचा साठा बाळगतात. तो सरल्यावर स्वतःची ऊती झिजवीत प्राणी कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, तग धरतो, आणि पालक मात्र तो जिवंत आहे एवढ्यावरून सर्व ठाकठीक असल्याचा निर्वाळा स्वतःस देत राहतो. प्रावार आक्रसणे, रंग फिका पडणे, स्पर्श होताच शिंपा चटकन न मिटणे ही लक्षणे दिसू लागली की बहुधा वेळ निघून गेलेली असते. मृत प्राणी तत्काळ बाहेर काढावा. त्याच्या कुजण्याने अमोनिया वाढून बाकीचे जीवही संकटात येतात.

अन्नाची तजवीज प्राणी आणण्यापूर्वीच व्हावयास हवी. कालवांच्या बीजोत्पादन केंद्रांत आयसोक्रायसिस, टेट्रासेल्मिस, थॅलॅसिओसिरा इत्यादी शैवले वाढविली जातात. तीच घरीही, स्वच्छ बरणीत, सतत हवा व उजेड देऊन वाढविता येतात. त्यासाठी लागणारे पोषक द्रावण रॉबर्ट गिलार्ड व जॉन रायदर ह्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एफ’ द्रावणाच्या निम्म्या तीव्रतेचे असते, म्हणून त्यास ‘एफ/२’ म्हणतात. बाजारात सहज मिळणारे नॅनोक्लोरोप्सिस अतिसूक्ष्म व जाड कवचाचे असल्याने एकट्या त्यावर विसंबणे हितावह नाही. दोन-तीन जातींचे मिश्रण द्यावे. जिवंत शैवल मृत खाद्यापेक्षा श्रेयस्कर, कारण न खाल्लेले जिवंत शैवल लगेच सडत नाही, उलट पाण्यातील नायट्रेट शोषून घेते. खाद्य देताना स्किमर काही तास बंद ठेवावा.

पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, तापमान २४° ते २६° से. आणि कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिग्रॅ. असावे. अमोनिया व नायट्राइट मुळीच नसावे. माशांच्या रोगांवर योजले जाणारे ताम्रयुक्त औषध अशा प्राण्यांना प्राणघातक असते, ह्या बाबतीत हयगय क्षम्य नाही. खेकडे, ट्रिगर मासे व पफर मासे सोबत ठेवू नयेत. आपण निवडलेली जागा प्राण्यास पसंत पडेलच असे नाही. शिंपा उघडमीट करीत तो पोहत जातो आणि स्वतःला रुचेल त्या कपारीत सूत्रगुच्छाने चिकटून बसतो. तेथून त्याला ओढून काढू नये. पंपाच्या तोंडाला मात्र जाळी अवश्य बसवावी.

हिंदी-पॅसिफिक क्षेत्रातील टेनॉइडीस एलीस ह्या सजातीयाच्या कडेवरून विजेसारखी रेषा चमकते. तो प्रकाश स्वयंभू नसून सिलिकेच्या अतिसूक्ष्म गोलकांनी परावर्तित केलेला असतो, असे लिंडसी डॉगर्टी व सहकारी ह्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. पालनातील अडचणी त्याच.

ट्रायडॅक्ना ह्या महाशिंपल्याशी तुलना करण्याचा मोह टाळावा. त्याच्या प्रावारात वसणारी शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवितात. ज्वालाशिंपल्याला असा आश्रय नाही, आणि दिवा कितीही प्रखर लावला तरी त्याची भूक भागत नाही. भारतात ट्रायडॅक्नाच्या जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत, हेही येथे नमूद करणे इष्ट.

ज्याच्या घरी वनस्पतिप्लवकाची बरणी आधीच धरलेली नाही, त्याने हा प्राणी विकत घेऊ नये.