भावप्रकाशांतील ऋद्धि व तिचें स्थान

वैद्यकाच्या जुन्या पोथ्यांत अष्टवर्गाचा उल्लेख पदोपदीं येतो. जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धि व वृद्धि या त्या आठ औषधि होत. त्यांपैकीं ऋद्धि कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत ऋद्धीचीं लक्षणें दिलीं आहेत तीं अशीं: कंद श्वेत लोमांनीं युक्त व सच्छिद्र, जाति लतेची, आकार कापसाच्या गांठीसारखा, फळ वामावर्त. वृद्धीचें फळ मात्र दक्षिणावर्त. स्थान म्हणून कोशयामल हें नांव येतें.

अर्वाचीन अभ्यासक ऋद्धि म्हणून बहुधा हाबेनारिया इंटरमीडिया ही वनस्पति दाखवितात. डेव्हिड डॉन यानें १८२५ सालीं नेपाळच्या वनस्पतींवरील ग्रंथांत हिचें वर्णन केलें. ही जमिनीवर उगवणाऱ्या ऑर्किडांपैकीं असून हिमालयांत सुमारें दीड ते तीन हजार मीटर उंचीवर, गवताळ उतारांवर व विरळ वनाच्या कडेस आढळते. पावसाळ्यांत हिला मोठीं पांढरीं फुलें येतात. त्यांच्या ओठाच्या दोन्ही बाजू झालरीसारख्या चिरलेल्या असतात. पुढें खोड वाळतें व कंद तेवढा भूमींत राहतो.

आतां लक्षणें ताडून पाहूं. ऑर्किडांत फुलाचा बीजकोश बहुधा पिळलेला असतो. वामावर्त या शब्दानें हाच पीळ अभिप्रेत असावा, असें अनुमान करितां येतें. परंतु ही वनस्पति सरळ उभी वाढते, वेलीसारखी चढत नाहीं. म्हणून लताजातित्व हिला लागूं पडत नाहीं. शिवाय इतक्या ठळक फुलाविषयीं ग्रंथकार मौन धरतो, हेंही विचारणीय आहे. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ असल्याचें सांगून तो ऋद्धि-वृद्धींच्या ऐवजीं वाराहीकंद घेण्यास सांगतो. तात्पर्य, त्याच्या काळींच नाम प्रचलित व नामी दुर्मिळ झाला होता.

हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. ऋद्धि म्हणून या ऑर्किडाचे कंद आजही खणले जातात. हिचें बीज धुळीसारखें सूक्ष्म असून मातींतील विशिष्ट बुरशीच्या साहाय्यावांचून रुजत नाहीं. त्यामुळें एकदां उकरलेला उतार सहजासहजीं पुन्हां भरून येत नाहीं. निर्णय चुकला असेल, तर दुसरीच्या नांवाखालीं या निरपराध वनस्पतीचा उच्छेद होत आहे.

यास्तव संग्राहकांनीं आपल्याजवळील भावप्रकाशाच्या व निघंटूंच्या हस्तलिखितांतून ‘लताजात’ आणि ‘कोशयामल’ या दोन स्थळींचे पाठ अवश्य ताडून पाहावे. निर्णयाचा भार या दोन शब्दांवरच विशेष आहे.