जुगाराचा कायदा आणि तीन मैलांची हद्द

आपल्या कमाईचा पैसा माणसाने कसा खर्चावा, किंबहुना कसा उधळावा, यात सरकारने लक्ष घालावे काय? २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. पोकर व रमी हे बुद्धीचे खेळ आहेत आणि ते खेळण्याचे स्वातंत्र्य प्रौढ नागरिकाला असले पाहिजे, असे एक पक्ष म्हणाला. या खेळांनी संसार धुळीस मिळविले, असे दुसरा पक्ष म्हणाला. दोन्ही पक्षांचा आवेश पाहता वाद कालचाच आहे असे वाटावे. वस्तुतः तो फार जुना आहे. त्याचा उलगडा व्हावयाचा तर दिल्लीकडे पाहण्यापूर्वी पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन गावांकडे पाहणे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते.

शिरूर घोडनदीच्या काठी, पुण्याहून नगरला जाणाऱ्या हमरस्त्यावर. एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. दौंड भीमेच्या काठी. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी आगगाडी तेथून जाऊ लागली आणि १८७८ साली मनमाडचा फाटा जोडला गेल्यावर ते मोठे जंक्शन झाले. शिरूरला मात्र रेल्वे आली नाही. आजही त्या गावात स्थानक नाही. या एवढ्याशा फरकाचा जुगाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो कायद्याने जोडलेला आहे.

मुंबई सरकारने १८८७ साली जुगार प्रतिबंधक कायदा केला. तो सरसकट साऱ्या इलाख्याला लागू नव्हता. मुंबई शहर, साष्टी बेट, सर्व लोहमार्ग, त्यांवरील स्थानके आणि प्रत्येक स्थानकापासून तीन मैलांच्या आतील जागा, एवढीच त्याची मूळ हद्द होती. इतर ठिकाणी तो लागू करावयाचा तर सरकारने तशी अधिसूचना काढावयाची. म्हणजे दौंडच्या बाजारात पत्त्यांचा अड्डा चालविणारा इसम कायदा झाला त्याच दिवशी त्याच्या कक्षेत आला. शिरूरच्या बाजारातील त्याचा भाऊबंद मात्र वेगळी अधिसूचना निघेपर्यंत त्या कक्षेबाहेर राहिला. पाप तेच, पत्ते तेच, पण आगगाडीच्या रुळांपासूनचे अंतर वेगळे! यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जुगार हे पातक आहे म्हणून सर्वत्र खणून काढावे, असा त्या कायद्याचा मूळ आग्रह नव्हता. अनोळखी माणसे जेथे जमतात, हातात पैसा घेऊन येतात आणि दुसऱ्या गाडीने निघून जातात, अशा जागांवर नजर ठेवावी, असाच त्याचा रोख दिसतो.

आता या कायद्याने नेमके काय निषिद्ध ठरविले तेही पाहू. एक म्हणजे रस्त्यावरील उघडा जुगार. दुसरी गोष्ट म्हणजे जुगाराचा अड्डा. आणि अड्डा म्हणजे काय, तर जेथे घराचा मालक वा चालक खेळाच्या योगाने आपला फायदा करून घेतो ती जागा. आपल्याकडे या फायद्याला सरळ शब्द आहे: नाल. डाव कोणीही जिंको, नाल घेणाऱ्याचे काही जात नाही. अशा अड्ड्यात सापडलेला खेळाडूही शिक्षेस पात्र होता हे खरे. पण दिवाळीत आपल्या माडीवर चार सोयरे जमवून पत्ते कुटणारा, कोणाकडून नाल न घेणारा गृहस्थ या व्याख्येत बसत नव्हता. निव्वळ कौशल्याच्या खेळांनाही कायद्याने सूट दिली होती.

ही दृष्टी काही इंग्रजांनी प्रथम आणली असे नव्हे. ऋग्वेदातील जुगाऱ्याचे सूक्त आणि महाभारतातील द्यूतसभा सर्वांच्या परिचयाची आहे. मनूने द्यूत मुळातच बंद करावे असे सांगितले. कौटिल्य व्यवहारी. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठराविक ठिकाणी आणला, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड ठेवला आणि जिंकलेल्या धनातून शेकडा पाच राजासाठी घेण्यास सांगितले. चोरट्या मार्गाने जगणारे लोक एका जागी नजरेस पडावेत, हा त्यातला हेतू. मनू आणि कौटिल्य यांच्यामधील हा मतभेद आपल्या राज्यकर्त्यांच्या मनात आजतागायत मिटलेला नाही. तोंडाने मनू बोलावा आणि हाताने कौटिल्याचे शेकडा पाच घ्यावेत, असा प्रकार पुष्कळदा झाला आहे.

याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. मुंबईत पावसावर पैजा लागत. त्याला बरसातका सट्टा म्हणत. पाऊस पडणे हा काही खेळ नव्हे, असे म्हणून १८८९ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो सट्टा कायद्याबाहेर ठरविला. लगेच १८९० साली सरकारने कायदा दुरुस्त करून पैजेलाही जुगारात ओढले. घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेला मात्र ठराविक अटींवर सूट राहिली. १९१२ साली शर्यतीच्या मैदानांना परवाने देणारा वेगळा कायदाही झाला. पावसावर पैसा लावणारा गुन्हेगार आणि पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यावर पैसा लावणारा प्रतिष्ठित, हा भेद नीतिशास्त्राने समजावून सांगता येणार नाही. पुढे १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र शासनाने स्वतःचीच लॉटरी सुरू केली. १९७६ साली कॅसिनोंना परवाने देण्याचा कायदाही विधिमंडळाने केला. तो कधी अमलात आला नाही आणि अखेर २०२३ मध्ये तो रद्द करण्याचे ठरले.

दरम्यान अड्ड्याच्या जागेचा प्रश्न निराळ्याच रूपाने उभा राहिला. बंगलोरहून निघणाऱ्या एका पत्रातील शब्दकोड्यांच्या स्पर्धेत मुंबई राज्यातील हजारो लोक पैसे भरून भाग घेत. अड्डा म्हैसूर राज्यात आणि खेळाडू मुंबई राज्यात! मुंबई सरकारने कर लावला व चालक न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात निर्णय दिला, तो या विषयातील मैलाचा दगड होय. प्रवेशपत्रे व पैसा जर मुंबई राज्यातून गोळा होतो, तर कर लावण्यास तेवढा संबंध पुरे, असे न्यायालय म्हणाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुगार चालविणे हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे, असेही त्याने सांगितले. येथे एक बारकावा आम्ही मुद्दाम नजरेस आणतो. न्यायालयापुढे आलेला दावा चालकाच्या धंद्याच्या स्वातंत्र्याचा होता, खेळणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा नव्हे. या दोन स्वातंत्र्यांची गल्लत आजच्या वादात सर्रास होते.

पुढे १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. ऑनलाइन कंपन्या हे वाक्य पुढे पन्नास वर्षे उच्चारीत राहिल्या. परंतु त्याच निकालात, जागेचा मालक खेळातून नफा काढीत असल्याचे सिद्ध झाल्यास गुन्हा शाबीत होऊ शकेल, अशीही पुस्ती होती, तिचा उच्चार क्वचितच झाला. पोकरविषयी तर न्यायालयांतच एकवाक्यता राहिली नाही. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला दैवाचा खेळ म्हटले. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला कौशल्याचा म्हटले. पत्ते न बदलता केवळ प्रांत बदलल्याने कौशल्याचे दैव व्हावे, हे शिरूर-दौंडच्या तीन मैलांपेक्षा फारसे वेगळे नाही.

आणि आता तर मैलच उरले नाहीत. दूरध्वनी खिशात आल्यावर अड्डा शिरूरच्या शेताच्या बांधावर आणि दौंडच्या फलाटावर एकाच वेळी उघडला. कौटिल्यापासून १८८७ पर्यंतच्या साऱ्या कायद्यांचा पाया जागा हा होता, तोच ढासळला. नाल मात्र कायम राहिला. प्रत्येक डावामागे आपला वाटा आधी काढून घेणाऱ्या कंपन्या हेच करीत होत्या. सरकारनेही १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर लावून आपला वाटा घेतला. दोनच वर्षांत, २०२५ मध्ये, संसदेने कौशल्य आणि दैव हा भेद बाजूला सारून पैशांचा ऑनलाइन खेळ चालविण्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड सांगितला आणि बँकांनाही असे पैसे वाहून नेण्यास मनाई केली. जागेऐवजी पैशाची वाट रोखली. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानले नाही.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात नेमक्या याच ठिकाणी घुटमळून विचार केला आहे. लोकांनी आपल्या घरी किंवा आपल्या मंडळात खेळण्यास तो मोकळीक देतो, पण सार्वजनिक अड्डे नसावेत या मताकडे झुकतो. तथापि मुख्य कर्ता सुटावा आणि साहाय्यक तेवढा दंडिला जावा, यातील विसंगती त्याला बोचली. ही बोच खरी आहे. आमच्या मते तिचे उत्तर नाल या शब्दात आहे. खेळणारा स्वतःचे पणास लावतो. चुकला तर भोगतो. नाल घेणारा काहीच पणास लावीत नाही. दुसऱ्याने अधिक खेळावे, अधिक हरावे, थांबू नये, यातच त्याचा लाभ. पहिल्याच्या हातात स्वातंत्र्य असते, दुसऱ्याच्या हातात त्या स्वातंत्र्याला लागलेला गळ असतो.

पण मग हीच कसोटी सरकारलाही लावावी लागेल. लॉटरीचे तिकीट विकणारे, शर्यतीवर कर घेणारे सरकार जेव्हा जुगाराविरुद्ध बोलते, तेव्हा त्याच्या शब्दांना वजन कमी पडते. शिवाय बंदीनेच काम भागते असेही नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लागणारा आकडा १९६१ नंतर भाव येईनासे झाल्यावर मरावयास हवा होता. त्याऐवजी कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या हाती तो मटका होऊन, कायदा डोळ्यांसमोर असताना, गल्लोगल्ली पसरला. जे उजेडातून हाकलले जाते ते अंधारात जगू शकते, आणि अंधारातील नालवाल्यापुढे हरलेल्या माणसाला दाद मागण्याची सोय नसते.

म्हणून नव्या कायद्याचे यशापयश किती ॲप बंद पडली यावर मोजू नये. शिरूरचा कांदा विकून हाती आलेले आणि दौंडच्या कामगाराला पगारात मिळालेले पैसे कोणाच्या नालात गेले, एवढेच पाहावे. कोणाच्याच नालात न गेले तर कायदा सफल झाला. केवळ नालवाला बदलला, तर तीन मैलांची हद्द थोडी पुढे सरकली, इतकेच म्हणावे लागेल.