बाथरूममधलं लाकडी व्हॅनिटी कॅबिनेट का फुगतं? करून घेण्याआधी काय पाहायचं?

वॉश बेसिनखालचं कपाट, म्हणजेच व्हॅनिटी कॅबिनेट, नवं असताना झकास दिसतं. मग एखाद-दोन पावसाळ्यांत खालची फळी फुगते, दरवाजे घासायला लागतात, कोपऱ्यातला सनमायका उचकटतो. दोष बहुतेक वेळा 'हलक्या प्लाय'ला दिला जातो. पण महाग प्लाय वापरूनही असं होऊ शकतं. कारण पाणी फळीच्या सपाट बाजूपेक्षा कापलेल्या कडांमधून जास्त शिरतं.

पाणी कडेतूनच का शिरतं?

जिवंत झाडात लाकडाच्या नळ्या मुळांकडून पाणी वर नेतात. लाकूड कापलं की या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि कड पाणी शोषते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. त्यामुळे फळी कमी वाकते, पण चारही कडांना कुठल्या ना कुठल्या थराची तोंडं उघडी राहतातच. भुसा किंवा तंतू दाबून केलेले पार्टिकल बोर्ड आणि साधं एमडीएफ एकदा फुगलं, की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

कोणतं प्लायवूड घ्यायचं?

- एमआर: हवेतला ओलावा सहन करतं, पाणी नाही. बाथरूमसाठी नको.
- बीडब्ल्यूआर: याहून बरं. जिथे पाणी उडत नाही अशा कोरड्या भागात चालतं.
- बीडब्ल्यूपी किंवा मरीन प्लाय: याचं भारतीय मानक आयएस ७१०. बादली-मग्यानं आंघोळ होते आणि जमीन रोज ओली होते, अशा आपल्याकडच्या बाथरूमसाठी हेच योग्य.

आयएस ७१० साठी प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का, हे पाहिलं जातं. म्हणजे ही परीक्षा मुख्यतः थर जोडणाऱ्या डिंकाची आहे. ती पास झालेलं लाकूड पाणी शोषतच नाही, असा तिचा अर्थ नाही.

दुकानात 'मरीन' हा शब्द सैलपणे वापरला जातो. म्हणून शीटवर आयएसआय मार्क, 'आयएस ७१०' आणि 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला आहे ना, ते पाहा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो.

प्लाय किती लागेल?

समजा कॅबिनेट ३६ इंच रुंद, २० इंच खोल आणि २२ इंच उंच आहे. दोन बाजू, तळ, एक कप्पा, दोन दरवाजे आणि वरच्या दोन आडव्या पट्ट्या मिळून साधारण २४ चौरस फूट होतात. १८ मिमीची ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ३२ चौरस फुटांची एक शीट पुरते. पाठ शक्यतो उघडी ठेवा. पाईप दुरुस्त करणं सोपं जातं आणि हवाही खेळते.

बेसिनची वरची कड जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांवर बहुतेकांना सोयीची पडते. टेबल-टॉप बेसिन ५-६ इंच उंच असेल, तर ओटा तितकाच खाली घ्यावा लागतो. म्हणून आधी बेसिन ठरवा, मग कॅबिनेट.

कडा कशा बंद करायच्या?

सगळ्या कडांना, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्याही, पीव्हीसी एज बँड किंवा लॅमिनेटची पट्टी पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने लावून घ्या. तळाच्या फळीची खालची बाजू कोरी सोडू नका. पाईपसाठी पाडलेलं भोक हीदेखील कापलेली कडच असते. तिला वॉटरप्रूफ प्रायमर किंवा इपॉक्सी लावा. ओटा भिंतीला आणि बेसिनला टेकतो, त्या सांध्यांत सिलिकॉन भरा.

कॅबिनेट जमिनीपासून ८-१० इंच वर टांगलं, तर फरशी धुताना तळ भिजत नाही.

वजन कुणी पेलायचं?

वरच्या मापाच्या कॅबिनेटवरचा १८ मिमी जाडीचा ग्रॅनाइट साधारण २२-२३ किलो भरतो. त्यात बेसिन आणि पाण्याची भर पडते. हा भार फळ्यांच्या सांध्यांवर टाकू नका. तो भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटवर घ्या आणि ब्रॅकेटला गंजरोधक रंग द्या. भिंत हलक्या एएसी ब्लॉकची असेल, तर त्या ब्लॉकसाठीचेच अँकर लागतात. साधे प्लग त्यात सैल होतात.

बिजागऱ्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तर हे आवश्यकच. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड मात्र या कपाटात ठेवू नका, त्याच्या वाफेनं चांगल्या स्टीललाही गंज चढतो.

सुताराचे शेवटचे पैसे देण्याआधी

- तळाखाली आणि पाईपच्या भोकात हात फिरवा. खरखरीत कोरं लाकूड लागतंय का?
- बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि बॉटल ट्रॅपखाली कोरडा कागद धरा. तो भिजला, तर प्लंबरला आधी बोलवा.
- दरवाजे बंद करून पाहा. दोघांमध्ये साधारण २-३ मिमी फट हवी, म्हणजे पावसाळ्यात ते घासणार नाहीत.